फोटो काढला म्हणून शार्क वाचत नाही

डुमसला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. तापीचा गाळ आणि खंबातच्या आखातातली दांडगी भरती-ओहोटी यांमुळे सुरतेचा समुद्र बारा महिने मातकट. तरीही या शहरात आज पाण्याखालचे फोटो काढणाऱ्यांची बऱ्यापैकी मोठी मंडळी जमली आहे. त्यात हिरेवाले आहेत, कापडवाले आहेत, डॉक्टर आहेत आणि उधना-लिंबायतमध्ये वाढून आता चार पैसे बाळगणारी आमची खानदेशी पोरंही आहेत. दिवाळीची सुट्टी लागली की कुणी लक्षद्वीप गाठतं, कुणी अंदमान, कुणी मालदीव. परतल्यावर फोटो दाखवायचे, आणि त्या फोटोंमध्ये मानाचं पान रीफ शार्कचं. करडा असो, पांढऱ्या टोकाचा असो की काळ्या टोकाचा, शार्क पाहिजेच. कासवाला आता कुणी विचारत नाही.

याला माझी हरकत नाही. मीही त्याच मंडळीतला आहे. हरकत आहे ती फोटोंसोबत हल्ली जे भाषण ऐकवलं जातं त्याला. प्रदर्शन असो, क्लबातला स्लाइड-शो असो की लग्नाच्या पंगतीतली गप्पाष्टकं असोत, भाषण एकच. ते असं: लोक शार्कला घाबरतात, म्हणून शार्क मारले जातात. आम्ही फोटो काढतो, त्यानं भीती जाते आणि प्रेम उपजतं. प्रेमापोटी पर्यटक येतात, पर्यटकांमागून पैसा येतो, आणि मग जिवंत शार्क मेलेल्यापेक्षा हजारो पटींनी मोलाचा ठरतो. तेव्हा आमची प्रत्येक डाइव्ह हे संवर्धनाचंच काम आहे. या कामासाठी शार्क जरा जवळ यावा म्हणून माशाचे चार तुकडे पाण्यात टाकले, तर कुणाचं काय बिघडलं?

ऐकायला गोड आहे. पण ही साखळी हातात घेऊन ओढली की जवळपास प्रत्येक कडी सुटते.

शार्क भीतीमुळे मरतात हे 1975 च्या 'जॉज'वर वाढलेल्या अमेरिकन माणसाला पटेल. सुरतेतल्या नानपुऱ्याच्या मच्छीबाजारात एक सकाळ काढलेल्या माणसाला ते पटायचं कारण नाही. तिथे टोपलीत हात-दीड हात लांबीची मुशी पडलेली असते. विकणारी तिला घाबरत नाही, घेणारा तर नाहीच. कोकणात जिला मोरी म्हणतात तीच ही जमात. मोरीचं सुकं, मुशीचं कालवण, बाळंतिणीला दूध यावं म्हणून दिलेली मोरीची आमटी, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. शार्कच्या अंगात हाडं नसतात, कूर्चा असते. त्यामुळे काटा घशात अडकायची धास्ती नाही आणि लहान पोरालाही घास भरवता येतो. माणूस शार्क मारतो तो मटणासाठी, परांसाठी, यकृताच्या तेलासाठी. आणि त्याहून अधिक वेळा त्याला शार्क मारायचाच नसतो. जाळं पापलेटासाठी, सुरमईसाठी, बोंबलासाठी लावलेलं असतं, शार्क त्यात येतो. जाळ्याला भीतीही नसते आणि प्रेमही नसतं.

त्या टोपलीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण आमच्या मंडळींनी तिचेही फोटो काढून 'शार्कची पिल्लं विकतात बघा' असा गिल्ला केला आहे. टोपलीतला मासा उचलून जरा नीट बघावा. तोंड चपटं आणि कडेला पातळ, पाठीवरचा दुसरा पर अगदी बारका आणि शेपटीकडे सरकलेला, असं असेल तर तो बहुधा स्कोलिओडॉन. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेल्या प्रत्येकानं फॉर्मॅलिनच्या वासात ज्याची चिरफाड केली तोच हा. तो मोठा होऊनही दोन-सव्वादोन फुटांपलीकडे क्वचित जातो. टोपलीतला स्कोलिओडॉन पुष्कळदा पूर्ण वाढलेला असतो. त्याच टोपलीत मात्र मोठ्या जातींची खरीखुरी पिल्लंही असू शकतात. परांची टोकं काळी, दुसरा पर ठसठशीत आणि पोटाखाली नाळेचा व्रण अजून बुजलेला नाही, असा मासा दिसला की खरी काळजी करावी. हा फरक न कळता ओरडणारा माणूस विकणाऱ्या बाईच्या नजरेत अडाणी ठरतो, आणि ती बरोबर असते.

फोटोंनी भीती जाते हेही अर्धसत्यच आहे. इथेच पालला महापालिकेचं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय 2014 पासून उघडं आहे. शाळांच्या सहली येतात, पोरं काचेला नाक लावून मासे बघतात, खूश होऊन जातात. त्यामुळे नानपुऱ्यातली एक टोपली हलकी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. भीती घालवण्याच्या भरात आमचे वक्ते भलतंच बोलून बसतात ते वेगळंच: 'शार्क माणसाला काही करत नाही.' कुठला शार्क? 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत, मासे धरायला पाण्यात उतरलेल्या तरुणाच्या पायाचा लचका शार्कनं तोडला. खाडीत, नदीच्या पाण्यात शिरणाऱ्या जाती असतात आणि आपला किनारा त्यांचाही आहे. जगभरात विनाकारण झालेल्या चाव्यांची नोंद वर्षाला शंभराच्याही खाली असते आणि 2024 मध्ये ती 47 होती, हे खरं. पण वैतरणेच्या काठच्या माणसाला ही आकडेवारी ऐकवून 'घाबरू नका' म्हणणं म्हणजे त्याच्या पायाची किंमत आपल्या फोटोपेक्षा कमी धरणं. रीफ शार्कबद्दल बोलायचं असेल तर रीफ शार्कबद्दल बोलावं. सगळ्या जमातीला एकाच पंगतीला बसवू नये.

आता पैशाची कडी. ही सगळ्यात चकचकीत, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

पलाऊ या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशानं 2009 मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी अभयारण्य जाहीर केला. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तिथला हिशोब मांडला: मोक्याच्या डाइव्ह-ठिकाणांवरचा एक रीफ शार्क आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे 19 लाख डॉलर मिळवून देतो, आणि मारून विकला तर 108 डॉलर. हा आकडा आमच्या प्रत्येक भाषणात असतो. मालदीवमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच असा हिशोब झाला होता: मेलेला करडा शार्क 32 डॉलरचा, जिवंत शार्क वर्षाला सरासरी 3,300 डॉलरचा. मालदीवनं 2010 मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, त्यामागे हेही गणित होतं. दोन्ही हिशोब मला मान्य आहेत. पण ते कशाचे आहेत हे बघा. पलाऊची सगळी वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. आपल्या डिंडोलीतल्या दोन-चार मोठ्या सोसायट्या भरतील एवढी माणसं, आणि समोर बाराही महिने आरपार दिसणारं निळं पाणी. 19 लाखांचा तो आकडा निघाला कसा? त्या ठिकाणांवर शार्क शंभरेक, आणि पर्यटनाचा पैसा त्यांच्यात वाटलेला. उद्या तिथे दोनशे शार्क झाले, तर पर्यटक दुप्पट होणार नाहीत, दर शार्कची किंमत मात्र निम्मी होईल. शार्क वाढले की त्याचं मोल घटतं, असला हा हिशोब. मोजमाप म्हणून ठीक आहे, पण शार्क का वाचवायचा याचं कारण म्हणून तो लंगडा आहे.

शिवाय तो पैसा कुणाच्या खिशात जातो? लक्षद्वीपला किंवा मालदीवला गेलेल्या सुरतकराचा पैसा विमान कंपनीला, रिसॉर्टला, डाइव्हच्या दुकानाला मिळतो. वेरावळ, पोरबंदर, मांगरोळच्या ज्या खलाशाच्या जाळ्यात शार्क अडकतो त्याला त्यातला छदामही मिळत नाही. देशातल्या राज्यांत सर्वांत लांब किनारा गुजरातचा, मासेमारीत गुजरात पहिल्या रांगेत. त्या किनाऱ्यावरचं पाणी असं, की शार्क हातभर अंतरावर असला तरी पर्यटकाला दिसू नये. जिथे शार्क सर्वाधिक मरतात तिथे पर्यटन होऊच शकत नाही आणि जिथे पर्यटन होतं तिथे ते मारणारे फारसे नसतात. मालदीवची मुख्य मासेमारी टुनाची, तीही गळानं, एकेक मासा ओढून. त्यांचं गणित वेरावळच्या धक्क्यावर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीवर आपली मोटर चालेल असं धरून चालणं.

रीफ शार्क कमी झालेत यात मात्र वाद नाही. 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार सर्वसामान्य पाच रीफ शार्क जातींची संख्या 60 ते 73 टक्क्यांनी घटली आहे, आणि कारण अतिमासेमारी. करडा रीफ शार्क आज आंतरराष्ट्रीय यादीत 'संकटग्रस्त' आहे, पांढऱ्या आणि काळ्या टोकाचे 'असुरक्षित'. एका वेळी दोन-चार पिल्लं, ती पोटात बरेच महिने वाढवायची, वयात यायलाच कित्येक वर्षं, असा ज्यांचा संसार, त्यांची भरपाई बोंबलासारखी एका हंगामात होत नाही.

यावर माझ्या मित्रांचं उत्तर तयार असतं: 'म्हणूनच तर आम्ही फोटो काढतो.' तर मग तो फोटो कसा निघतो तेच बघू.

पाण्यात शिरलेल्या उजेडातला लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो. पंधरा मीटरवर सगळं निळं-हिरवं. रंग परत आणायला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, लागतो, आणि त्याचा उजेड जेमतेम दीड-दोन मीटर उपयोगी पडतो. पाण्यात तरंगणारे कण त्या उजेडात चमकतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पसरतात. म्हणून वाइड-अँगल लेन्स लावायची आणि विषयाच्या अगदी जवळ जायचं, हा पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पहिला धडा. प्रवाळ पळत नाही, त्याला हा धडा लागू पडतो. रीफ शार्क मात्र बुडबुडे सोडणाऱ्या माणसांपासून साधारण चार-पाच मीटर अंतर राखून एक चक्कर मारतो आणि निघून जातो. म्हणजे ज्या अंतरावर तो मजेत असतो त्या अंतरावर फोटो फिका येतो, आणि फोटो चांगला येतो त्या अंतरावर यायला तो आपणहून राजी नसतो. ही चार मीटरची दरी भरायला तीनच उपाय आहेत. श्वास सांभाळत, हालचाल न करता वाट बघायची आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं वर यायचं, हा एक. शार्कचा पाठलाग करायचा किंवा त्याला कोंडीत पकडायचं, हा दुसरा. तिसरा म्हणजे आमिष. भिंतीवर टांगलेला, दात दिसणारा, डोळ्याला डोळा भिडलेला फोटो पहिल्या उपायानं क्वचितच निघतो.

पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क दिवसा कपारीखाली पडून राहतो. त्याला श्वासासाठी पोहत राहावं लागत नाही, तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडत तो तासन्‌तास एका जागी बसू शकतो. म्हणजे फोटोवाल्यांच्या दृष्टीनं आयताच. मी लक्षद्वीपला बघितलंय: कपारीच्या तोंडाशी चार-पाच जण आडवे, प्रत्येकाचे दोन-दोन स्ट्रोब पुढे, मागच्याच्या फिनच्या फटकाऱ्यानं प्रवाळ मोडतोय, आणि आत शार्कचे कल्ले आधीपेक्षा भरभर हलताहेत. बाहेर पडायची वाट माणसांनी अडवलेली. शेवटी तो उसळून सगळ्यांच्या मधून निसटतो, आणि तोच क्षण फोटोत 'शार्कची झेप' होऊन येतो. करडा रीफ शार्क यापेक्षा मानी. कोंडी झाली की तो पाठीची कमान करतो, छातीचे पर खाली ताणतो, डोकं वर उचलून अंग झोकत झोकत पोहतो. जॉन्सन आणि नेल्सन या संशोधकांनी 1973 मध्येच हे नोंदवून ठेवलं आहे: ही धमकी आहे, आणि ती न समजणाऱ्याला पुढे चावा मिळू शकतो. आमच्याकडे हाच पवित्रा 'काय सुंदर पोज दिली' म्हणून पहिल्या नंबराला लागतो.

आमिषाबद्दल एक युक्तिवाद मात्र खरोखर वजनदार आहे, म्हणून त्याला बगल देत नाही. शास्त्रज्ञसुद्धा आमिष वापरतात! 2020 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जागतिक पाहणीत 58 देशांतल्या 371 रीफवर आमिष लावलेले कॅमेरे सोडले होते. जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या रीफवर शार्क दिसलेच नाहीत, हे आपल्याला कळलं ते त्या आमिषामुळेच. मग शास्त्रज्ञांनी केलं तर विज्ञान आणि आम्ही केलं तर पाप? फरक असा की तिथे पाण्यात माणूस नसतो. लोखंडी चौकट, कॅमेरा, जाळीच्या पिशवीत थोडं आमिष, तासाभरात सगळं वर. त्याच जागी रोज सकाळी दहा वाजता नवी टोळी घेऊन कुणी येत नाही. शार्कला माणूस आणि अन्न यांची सांगड घालायला तिथे वावच नाही. पर्यटनातल्या आमिषात नेमकी तीच सांगड घातली जाते. फ्लोरिडानं डायव्हरांनी समुद्री जीवांना खाऊ घालण्यावर 2001 मध्ये बंदी घातली ती उगाच नव्हे. 2025 च्या एप्रिलमध्ये इस्राएलच्या हदेरा किनाऱ्यावर, वीज केंद्राच्या कोमट पाण्याशी जमणाऱ्या शार्कांमध्ये पोहणारा एक माणूस मारला गेला. ते रीफ शार्क नव्हते, हे कबूल. पण त्याआधी तिथे लोक कॅमेरे घेऊन गर्दी करत होते, शार्कांना खायला टाकत होते. अशा घटनेत पहिला बळी माणसाचा असेल, तर पुढचे शार्कांचे असतात.

आणि आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. मालवणला समुद्रात पर्यटकाला खाली न्यायचं, त्याच्या तोंडासमोर खाणं कुस्करायचं आणि माशांचा घोळका जमला की व्हिडिओ काढायचा, हा प्रकार तिकडे गेलेल्या कुणालाही परका नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. आज समोर छोटे रंगीत मासे आहेत म्हणून सगळं गंमत वाटतं. उद्या विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणाऱ्या आंग्रिया बँकेवर डाइव्हच्या बोटी नियमित जायला लागल्या म्हणजे? वीसेक मीटर खोलीवरचं ते प्रवाळाचं पठार 2019 च्या डिसेंबरमधल्या मोहिमेत शास्त्रज्ञांनी तपासलं. तिथे पर्यटन न्यायची भाषा अधूनमधून होतच असते. नेणारे नेतीलही. पण खाणं कुस्करण्याची सवय बोटीबरोबर तिकडेही जाईल.

आता वेरावळ. गुजरातेत राहून शार्क वाचवण्याच्या गप्पा मारणाऱ्यानं वेरावळकडे पाठ फिरवावी याचं मला खरंच नवल वाटतं, कारण फोटोनं शार्क वाचतो का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे.

1990 च्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची कत्तल चालू होती. आधी यकृताच्या तेलासाठी, ते होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून चोळायचे. नंतर मटणाची निर्यात सुरू झाली. मोठाल्या हुकांना पिंपं बांधून मासा दमवायचा, म्हणून मासेमार त्याला 'बॅरल'च म्हणत. माइक पांडे यांनी या कत्तलीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला, आणि 2001 च्या मे महिन्यात व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आला. म्हणजे कॅमेऱ्यानं काम केलं की! केलं. पण तो कॅमेरा निळ्या पाण्यात शार्कशेजारी तरंगत नव्हता. तो धक्क्यावर होता, रक्तामांसात. संवर्धनाच्या नावानं आमच्या प्रदर्शनांत लागणाऱ्या फोटोंत असा एकही फोटो मी पाहिलेला नाही. धक्क्यावर उतरलेल्या मासळीचा फोटो भिंतीवर शोभत नाही ना!

कायद्यानंही सगळं झालं नाही. 2001 च्याच जुलैमध्ये सरकारनं सरसकट सगळे शार्क आणि पाकट पहिल्या परिशिष्टात टाकले, मासेमारांनी आरडाओरडा केला आणि वर्ष संपायच्या आत यादी दहा जातींवर आली. वर बसून फर्मान काढणाऱ्यांनी खालच्या माणसाला विचारलं नाही की काय होतं त्याचा हा धडा. वेरावळला गाडी रुळावर आली ती 2004 पासून. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वनखातं यांनी मोहीम काढली, रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला येणारी लेक म्हटलं, त्याचं नाव 'व्हाली' पडलं. भाबडं वाटेल, पण मासेमारी करणाऱ्या खारवा समाजात ते पोचलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाळं कापून मासा सोडला तर वनखात्याकडून जाळ्याची भरपाई मिळू लागली. आणि मग, आमच्या मंडळींनी कान देऊन ऐकावं असा भाग: मासा सोडल्याचा पुरावा हवा म्हणून अधिकाऱ्याची वाट बघण्यात अडकलेला मासा ताटकळत राही. तेव्हा खलाशांच्याच हाती पाण्यात चालणारे साधे कॅमेरे दिले गेले. जाळं कापायचं, फोटो काढायचा, तो दाखवून भरपाई घ्यायची. त्या फोटोंना रचना नाही, रंग नाहीत, क्षितिज वाकडं, कोपऱ्यात कुणाचा तरी हात. आतापर्यंत नऊशेच्या वर व्हेल शार्क गुजरातच्या जाळ्यांतून सुटले. भारतात शार्कच्या फोटोंनी शार्क वाचवल्याचा मला माहीत असलेला सर्वांत मोठा दाखला तो, आणि त्यातला एकही फोटो कुठल्या स्पर्धेत बसणार नाही.

यावर कुणी म्हणेल, व्हाली अवाढव्य, ठिपकेदार, दात नसल्यासारखी, तिला लेक म्हणणं सोपं. बरोबर आहे. मनोरच्या खाडीतल्या शार्कला कुणी लेक म्हणणार नाही, टोपलीतल्या मुशीलाही नाही. म्हणून तर रीफ शार्कांच्या बाबतीत काम जास्त किचकट आहे, आणि ते 'प्रेम उपजवून' होणारं नाही. 2022 मध्ये पनामाला झालेल्या वन्यजीव-व्यापारावरच्या परिषदेत रीफ शार्क ज्या कुळात येतात त्या सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणला गेला, त्याआधी 2015 मध्ये भारतानं परांच्या निर्यातीवर बंदी घातली. कागदावर हे ठीक चाललं आहे. धक्क्यावर मात्र कुठला पर कुठल्या जातीचा हे ओळखणारा माणूस लागतो, आणि त्याचीच वानवा आहे.

इथेच फोटोवाल्याला खरं काम आहे, फक्त त्यात टाळ्या नाहीत. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी शार्क उतरली, 266 सेंटिमीटरची. संशोधकांनी तिचे फोटो काढले, मापं घेतली, आणि ती गंगा शार्क निघाली. जिची दहा वर्षांहून अधिक काळ कुठेच खात्रीशीर नोंद नव्हती अशी ही जात, आणि तीही अरबी समुद्रात. मेलेल्या माशाचा, ओल्या फरशीवरचा फोटो! आमच्या प्रदर्शनातल्या साऱ्या निळ्या फोटोंच्या बदल्यात मी तो एक घेईन. जिवंत शार्कांचंही असंच. प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावर संशोधकांनी काळ्या टोकाच्या रीफ शार्कांना पाठीवरच्या परातल्या काळ्या रेषेच्या आकारावरून एकेक करून ओळखून वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला आहे. त्यासाठी लागतो बाजूनं काढलेला, पर स्पष्ट दिसणारा साधा फोटो. चार मीटरवरून काढला तरी चालतो. दात दिसायची गरज नाही. पोटाखालचे दोन दांडके दिसले तर नर, नाहीतर मादी, हे टिपलं की अर्धं काम झालं.

डाइव्ह करणाऱ्यांची नजर रीफवर असल्यानं चोरटी मासेमारी उघड होते, असंही म्हणतात. होत असेल तिथे होते, मी नाकारत नाही. पण लक्षद्वीपच्या कडमतला आठवडाभर राहून आलेला सुरतकर राखणदार नसतो. तो पाहुणा असतो. पाहुण्यानं घरातल्यांचं कौतुक करावं, घर आपण सांभाळतो असं सांगत फिरू नये.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनाच्या संयोजकांना माझं मागणं साधं आहे. प्रत्येक शार्कच्या फोटोखाली तारीख, जागा, खोली, अंदाजे अंतर, नर की मादी, आणि आमिष होतं की नव्हतं एवढं छापा. तिकिटाच्या पैशातला काही भाग खरोखर कुठे जात असेल तर कुठे जातो तेही. भिंतीवर एक जागा नानपुऱ्याच्या टोपलीला द्या, खाली जातीचं नाव बरोबर लिहून. एवढ्यासाठी फोटोखाली दोन ओळी लागतात. त्या दोन ओळींनी फोटोची शोभा जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल शोभेसाठी फोटो लावावेत, फक्त तिकिटावर 'शार्क वाचवा' छापू नये.